‘सी’ पुसली, ‘डी’ राहिली

“फॉरमॅट मारून देतो. डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी करू नका.” कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. डी ड्राइव्हमध्ये लग्नाचे फोटो असतात, हिशेबाचा बॅकअप असतो, मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली असतात. त्यांच्याच शेजारी ‘सॉफ्टवेअर’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्टचा सेटअप, झिप उघडायचं काहीतरी, व्हिडिओ बघायचं काहीतरी. वर्षानुवर्षं जपलेलं, एका मशीनवरून दुसऱ्यावर उतरवलेलं. सी पुसली जाते, विंडोज नव्याने पडतं, मशीन पळायला लागतं. मग आवाज येत नाही असं लक्षात येतं आणि त्याच फोल्डरातला साउंडचा ड्रायव्हर डबल-क्लिक होतो. ड्रायव्हर नीट बसतो, आवाजही येतो. आठ दिवसांनी मशीन पुन्हा पहिल्यासारखं रडायला लागतं आणि दोष जातो विंडोजच्या कॉपीला, नाहीतर हार्ड डिस्कला.

फाइलला लागणाऱ्या व्हायरसचं सगळं मर्म या छोट्याशा क्रमात आहे. तो राहतो आपण जपून ठेवलेल्या गोष्टींत आणि जागा होतो आपल्याच हाताने. त्याला दार फोडावं लागत नाही, कारण दार उघडणारी माणसं आपणच असतो.

हल्ली मशीनला त्रास देणाऱ्या कशालाही सरसकट व्हायरस म्हणतात. खंडणी मागणारा रॅन्समवेअर असो, नेटवर्कवरून आपला आपण सरपटत येणारा वर्म असो, की चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेतलेला ट्रोजन असो, यांची बहुतेकांची स्वतःची स्वतंत्र फाइल असते. ती शोधली, पुसली, तिच्या नोंदी काढल्या की बरंच काम झालं. फाइल-व्हायरसचं तसं नाही. त्याला स्वतःचं घर नसतं. तो तुमच्या चांगल्या, ओळखीच्या, रोजच्या वापरातल्या प्रोग्रामच्या अंगात शिरतो. तो पुसायचा तर प्रोग्रामच पुसावा लागतो, आणि प्रोग्राम ठेवायचा तर त्याच्या अंगातून तो नेमका कापून काढावा लागतो. आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढतं तेव्हा फांदीचा आणि बांडगुळाचा सांधा कुठे आहे ते बोटाने सांगता येत नाही, तशातलाच हा प्रकार.

१९८३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने याचा पहिला रीतसर प्रयोग केला. मशीन होतं व्हॅक्स ११/७५०, अनेकांनी एकाच वेळी वापरायचं, आणि त्यावर युनिक्स ही यंत्रणा. फायलींची रचना चित्ररूपात दाखवणारा ‘व्हीडी’ नावाचा एक उपयोगी प्रोग्राम त्याने निवडला आणि त्याच्या पोटात व्हायरस ठेवला. ज्याने तो चालवला, त्याच्या इतर प्रोग्रामांना लागण झाली. ज्यांनी ते चालवले, त्यांच्याही. पाच वेळा प्रयोग झाला आणि पाचही वेळा तासाभराच्या आत संपूर्ण मशीनचे अधिकार हाती आले. सरासरी वेळ अर्ध्या तासाहूनही कमी होता, सगळ्यात कमी पाच मिनिटांच्याही आत. ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी.

या प्रयोगातली एक गोष्ट आजही नीट समजून घ्यायला हवी. कोहेनने सुरक्षेतली कुठलीही फट वापरली नव्हती. कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःच्या फायली बदलायचा जो हक्क होता, तेवढाच हक्क व्हायरसने वापरला, त्याच्या नावाने, त्याच्याच वतीने. मशीनच्या दृष्टीने काहीही बेकायदा घडलं नाही. म्हणून “माझ्याकडे सगळे अपडेट आहेत” या उत्तराने फाइल-व्हायरसचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. प्रोग्राम चालवणाऱ्याला जिथे जिथे लिहिता येतं, तिथे तिथे व्हायरसलाही लिहिता येतं.

आता तो चिकटतो कसा, ते पाहू. विंडोजच्या आधीच्या डॉस या यंत्रणेत दोन प्रकारचे प्रोग्राम असत, कॉम आणि ईएक्सई. कॉम फाइल म्हणजे अगदी सरळ मामला: पहिल्या बाइटपासून चालायला सुरुवात. व्हायरस आपला मजकूर फाइलच्या शेवटी जोडायचा आणि अगदी सुरुवातीला ‘आधी तिकडे जा’ एवढीच उडी लिहायचा. तिथल्या मूळच्या दोन-तीन बाइट्स तो स्वतःपाशी सांभाळून ठेवायचा. प्रोग्राम चालू केला की आधी व्हायरस चालणार, आपलं काम उरकणार, सांभाळलेल्या बाइट्स मेमरीत जागच्या जागी ठेवणार आणि मग मूळ प्रोग्रामला वाट देणार. वापरणाऱ्याला प्रोग्राम नेहमीसारखाच उघडलेला दिसतो. काही व्हायरस शेवटी न चिकटता पुढे बसतात, काही पोटातल्या रिकाम्या जागा शोधतात. यजमान फाइलवरच सरळ लिहून ती मोडून टाकणारेही होऊन गेले, पण ते टिकले नाहीत. प्रोग्राम चालेना झाला की माणूस लगेच चौकशी करतो. टिकायचं असेल तर यजमान ठणठणीत ठेवावा लागतो.

त्याच फाइलला पुन्हा पुन्हा लागण होऊ नये म्हणून व्हायरसला खूण ठेवावी लागते. १९८७ मधल्या ‘व्हिएन्ना’ची खूण मला सगळ्यात नेमकी वाटते. डॉस प्रत्येक फाइलची वेळ नोंदवताना सेकंद निम्मे करून ठेवतं, त्यासाठी पाच बिट असतात. पाच बिटांत ३१ पर्यंत आकडा मावतो, म्हणजे दुप्पट करून ६२ सेकंद. घड्याळात ६२ वा सेकंद कधीच येत नाही. व्हिएन्नाने लागण केलेल्या फाइलच्या वेळेत नेमके ६२ सेकंद लिहिले. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘डिर’ या आज्ञेत तास आणि मिनिटं दिसतात, सेकंद दिसत नाहीत. खूण समोर असूनही डोळ्याला दिसायची नाही.

ही खूण चुकली की काय होतं, ते त्याच वर्षी जेरुसलेममध्ये दिसलं. तिथल्या हिब्रू विद्यापीठात सापडलेला व्हायरस कॉम फाइलमध्ये १८१३ बाइट्स वाढवायचा आणि तिच्या शेवटी आपली खूण ठेवायचा. कॉम फायलींत ती खूण चालली. ईएक्सई फायलींच्या बाबतीत मात्र लिहिणाऱ्याची चूक झाली होती: आधीच लागण झालेली फाइल त्याला ओळखताच यायची नाही. त्यामुळे ईएक्सई प्रत्येक वेळी चालवली की आणखी सुमारे १८०० बाइट्सनी फुगायची. पुन्हा चालवली, पुन्हा फुगली. शेवटी ती इतकी मोठी व्हायची की मेमरीत मावायची नाही. १३ तारखेच्या शुक्रवारी चालवलेले प्रोग्राम पुसून टाकणं हे त्याचं खरं घातक काम होतं, पण त्याला पकडून दिलं ते या फुगण्याने. फाइलचा आकार लिहून ठेवायची सवय आजही उपयोगी पडते.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, बल्गेरियातल्या सोफिया शहरातून ‘डार्क ॲव्हेंजर’ आला. आकार १८०० बाइट्स. तोवरचे बहुतेक व्हायरस प्रोग्राम चालवला जाण्याची वाट पाहत. हा मेमरीत बसायचा आणि फाइल नुसती उघडली, वाचली, कॉपी केली तरी तिला लागायचा. याचा परिणाम फार गंभीर होता. मशीनला लागण झाली आहे असा संशय येऊन कुणी त्याच मशीनवर अँटीव्हायरस चालवला, तर अँटीव्हायरस तपासणीसाठी डिस्कवरची एकेक फाइल उघडत जाणार, आणि मेमरीत बसलेला व्हायरस त्याच्या मागोमाग एकेका फाइलला लागत जाणार. तपासणी पूर्ण होईस्तोवर डिस्कवरचा प्रत्येक प्रोग्राम बाधित. भर म्हणजे बाधित प्रोग्राम दर सोळाव्यांदा चालला की हा डिस्कवरच्या कुठल्यातरी एका जागेवर मजकूर लिहून ती जागा खराब करायचा. नुकसान इतकं हळू व्हायचं की बॅकअपसुद्धा खराब झालेल्या फायलींचेच घेतले जायचे.

आजारी मशीनवर बसून त्याच मशीनचा आजार काढायचा नाही, हा नियम तिथून पक्का झाला. त्या काळी स्वच्छ बूट फ्लॉपी वेगळी ठेवत आणि तिच्यावर लिहिता येणार नाही अशी सोय करत: सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची, साडेतीन इंचीची छोटी खिडकी उघडी ठेवायची. दोन्हींची रीत एकमेकींच्या उलट, म्हणून गोंधळ व्हायचा आणि स्वच्छ समजलेली फ्लॉपीच बाधित व्हायची.

यानंतर लपण्याच्या कला आल्या. ‘फ्रोडो’ प्रत्येक फाइलमध्ये ४०९६ बाइट्स वाढवायचा आणि डॉसने आकार विचारला की ४०९६ वजा करून सांगायचा. खोटं पकडलं जायचं ते डिस्क तपासणाऱ्या ‘चेकडिस्क’मध्ये, कारण डिस्कवर खरी व्यापलेली जागा आणि फाइलने सांगितलेला आकार यांचा मेळ बसायचा नाही. १९९० पासून दर लागणीला स्वतःचं रूप पालटणारे आले, म्हणजे ओळखायला कायमचा असा एकही तुकडा शिल्लक ठेवायचा नाही.

विंडोज आलं आणि ईएक्सईची घडण बदलली. सुरुवातीची ‘एमझेड’ ही दोन अक्षरं तीच राहिली, मार्क झ्बिकोव्स्की या डॉसच्या अभियंत्याच्या नावाची. पुढे मात्र फाइलचे विभाग पडले, आणि प्रोग्राम कुठून सुरू करायचा तो पत्ता हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, लिहिलेला असतो. प्रत्येक विभाग डिस्कवर ठरलेल्या पटीत, बहुधा ५१२ बाइट्सच्या पटीत, जागा घेतो. मजकूर ६०० बाइट्सचा असला तरी जागा १०२४ ची. उरलेली ४२४ बाइट्सची जागा मोकळी, शून्यांनी भरलेली. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये केलेला ‘सीआयएच’ याच मोकळ्या जागांत बसला. त्याचा आकार जेमतेम एक किलोबाइट, तोही तुकडे करून वेगवेगळ्या फटींत वाटलेला. फाइलचा आकार एका बाइटनेही वाढायचा नाही. आकार लिहून ठेवणाऱ्यांचा उपाय इथे थिटा पडला. २६ एप्रिल १९९९ ला त्याने हार्ड डिस्कचा पहिला एक मेगाबाइट पुसला आणि काही मदरबोर्डांवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या बायोसच्या चिपवरही लिहिलं. त्या चिपा काढून पुन्हा लिहून घ्याव्या लागल्या, नाहीतर बोर्डच बदलावा लागला. तो फक्त विंडोज ९५ आणि ९८ घराण्यावर चालायचा, विंडोज एनटी या दुसऱ्या घराण्यावर नाही.

पण आपल्याकडच्या दुकानांत, डीटीपी सेंटरांत, शाळांच्या लॅबमध्ये ज्याने खरा मुक्काम ठोकला त्याच्याबद्दल जरा बैजवार सांगायला हवं. त्याचं नाव ‘नेश्ता’. बेलारूसी भाषेत त्याचा अर्थ ‘काहीतरी’. पुण्यातल्या क्विक हील कंपनीच्या अहवालांत २०१६-१७ च्या सुमारासही नेश्ता आणि सॅलिटी (असाच दुसरा फाइल-व्हायरस) ही नावं दिसत होती, जन्माला दहाहून जास्त वर्षं होऊन गेल्यावरही. (ही कंपनीही दुरुस्तीच्या दुकानातूनच वाढली. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने १९९३ मध्ये काम सुरू करणाऱ्या कैलास काटकरांचं काम आधी कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं, आणि अँटीव्हायरस लिहिणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय.)

नेश्ता फाइलच्या पुढे बसतो. त्याचं स्वतःचं अंग ४१,४७२ बाइट्सचं. यजमान फाइलचा सुरुवातीचा तेवढाच भाग उचलून तो शेवटी नेऊन ठेवतो, त्यातला काही भाग सांकेतिक करून, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्वतः बसतो. म्हणजे फाइल बरोबर ४१,४७२ बाइट्सनी वाढते. अशी फाइल चालवली की तो मूळ प्रोग्राम पुन्हा जुळवतो, तात्पुरत्या फायलींच्या टेम्प फोल्डरात ‘३५८२-४९०’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवतो आणि तिथून चालवतो. टेम्पमध्ये या आकड्याचं फोल्डर दिसलं की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. काही प्रोग्राम मात्र तिथून चालताना अडखळतात, कारण ते आपल्या शेजारच्या फायली शोधतात आणि शेजारी कुणीच नसतं. ‘अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही’ असा संदेश येतो आणि माणूस डीएलएल शोधत इंटरनेटवर फिरत बसतो.

मशीनमध्ये टिकून राहायची त्याची युक्ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, आहे. विंडोजच्या फोल्डरात तो ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची फाइल ठेवतो. या नावाची विंडोजची खरी फाइल असते ती सिस्टम३२ मध्ये आणि तिचं शेपूट, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, ईएक्सई असतं. याच्या फाइलचं शेपूट कॉम. मग ईएक्सई फायली कशा उघडायच्या हे जिथे लिहिलेलं असतं, त्या ‘ईएक्सईफाइल’ नोंदीत तो आपलं नाव पुढे घालतो. यापुढे तुम्ही कुठलाही प्रोग्राम उघडा, विंडोज आधी नेश्ताला बोलावणार आणि नेश्ता तुमचा प्रोग्राम उघडणार. मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत शोधलं तर तिथे तो नाही. त्याला त्या यादीची गरजच नाही.

इथेच दुरुस्ती करणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक होते. अँटीव्हायरसला किंवा माणसाला ती खोटी फाइल सापडते, ती पुसली जाते, आणि पुढच्या क्षणापासून मशीनवर एकही प्रोग्राम उघडत नाही. ‘ही फाइल कशाने उघडायची?’ असं विंडोज विचारत राहतं, कारण नोंदीत अजून नेश्ताचंच नाव आहे आणि नेश्ता तर गेला. रजिस्ट्री दुरुस्त करावी म्हटलं तर रेजएडिट हाही एक ईएक्सईच. पुष्कळ जण इथे हात टेकतात आणि फॉरमॅट मारतात. वाट सोपी आहे: रेजएडिटची एक प्रत करून तिचं शेपूट ईएक्सईऐवजी कॉम करायचं. कॉम फायलींची नोंद वेगळी असते, तिला नेश्ताने हात लावलेला नसतो, म्हणून ती उघडते. मग ‘ईएक्सईफाइल’खाली शेल, ओपन, कमांड या क्रमाने जाऊन तिथे मूळ मजकूर ठेवायचा: अवतरणचिन्हांत टक्का आणि एक, मग एक मोकळी जागा, मग टक्का आणि तारा. बस, तेवढंच. नोंद आधी सुधारायची आणि फाइल नंतर पुसायची, हा क्रम पाळला तर ही वेळ येतच नाही.

आणि हाच नेश्ता विंडोजच्या फोल्डरातल्या, टेम्पमधल्या आणि प्रोग्राम फाइल्समधल्या ईएक्सईंना टाळतो. यंत्रणेला धक्का न लावता तो राहतो बाकीच्या जागांत. बाकीच्या जागा म्हणजे कोणत्या? डी ड्राइव्ह, त्यातलं ‘सॉफ्टवेअर’ फोल्डर, पेनड्राइव्ह. फॉरमॅट मारणारे जे वगळतात, नेमकं तेच.

सॅलिटी याहून आक्रमक. २००३ पासूनचा, फाइलच्या शेवटच्या विभागात शिरणारा, दर वेळी रूप बदलणारा. तो आपला मजकूर चालू असलेल्या इतर प्रोग्रामांच्या मेमरीतही घुसवतो, म्हणून एक प्रक्रिया थांबवून भागत नाही. टास्क मॅनेजर आणि रेजएडिट बंद पाडतो, अँटीव्हायरस थांबवतो. सेफ मोडसाठी लागणाऱ्या रजिस्ट्रीतल्या नोंदीही तो पुसतो, त्यामुळे सेफ मोड निवडला की निळा पडदा येतो. दुरुस्तीवाल्याचं पहिलं हत्यारच त्याने काढून घेतलं. पेनड्राइव्हवर, तो लावताच आपोआप प्रोग्राम चालवणारी ऑटोरनची फाइल आणि नेटवर्कवर लिहिता येण्याजोगं कुठलंही शेअर केलेलं फोल्डर, हे त्याचे रस्ते. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारं अपडेट सर्वांना दिलं आणि एक रस्ता अरुंद झाला. शेअर केलेल्या फोल्डरांचा रस्ता मात्र ऑफिसा-ऑफिसांतून अजून तसाच आहे. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन ठेवलेलं एक फोल्डर दहा मशीनना पुरतं.

‘विरुट’ २००६ चा. त्याची मेख अशी की फाइल उघडली गेली, एवढं त्याला पुरतं. तुम्ही फोल्डर उघडून नुसतं पाहता तेव्हा विंडोजला प्रत्येक ईएक्सईचं चित्र दाखवायचं असतं. ते चित्र ईएक्सईच्या आतच असतं. म्हणजे चित्रासाठी विंडोज ती फाइल उघडतं, आणि तेवढ्यात लागण होते. बाधित मशीनला पेनड्राइव्ह लावून ‘मी काही चालवलं नाही, फक्त बघितलं’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो आणि तरीही त्याच्या पेनड्राइव्हवरचे प्रोग्राम बाधित असतात. विरुट वेबपानांच्या एचटीएमएल फायलींतही अदृश्य चौकट घुसवतो; २०१० चा ‘रॅमनिट’ तर एचटीएमएलमध्ये चक्क स्वतःची पूर्ण प्रत ठेवतो. म्हणून डी ड्राइव्हवरचं ‘फक्त डेटा’ म्हणून वगळलेलं, सेव्ह केलेल्या वेबपानांचं फोल्डरही तपासायला लागतं. शिवाय विरुटच्या लागणीत चुका होतात. कितीतरी फायली तो अशा बिघडवून ठेवतो की कुणालाही त्या पूर्ववत करता येत नाहीत.

आता साफ करायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी नेटवर्कची केबल काढायची, वायफाय बंद करायचं, पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्का एका जागी गोळा करायच्या. घरात किंवा ऑफिसात दोन मशीन असतील तर दोन्ही एकाच वेळी घ्यायची, कारण एक साफ करून दुसऱ्याला जोडलं की मेहनत पाण्यात. दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवर बूट होणारी अँटीव्हायरसची रेस्क्यू डिस्क बनवायची. तिच्यावरून बाधित मशीन सुरू केलं की आतलं विंडोज झोपलेलंच राहतं आणि व्हायरसही. मग तपासणी सर्व विभागांची आणि सर्व फायलींची करायची. ‘फक्त महत्त्वाच्या जागा’ हा झटपट पर्याय इथे निकामी आहे. रिस्टोर पॉइंट काढून टाकायचे, कारण त्यांच्यात जुन्या ईएक्सई जपून राहू शकतात. झिप आणि रार फायलींच्या आतला व्हायरस अनेक अँटीव्हायरस दाखवतात पण काढू शकत नाहीत, आणि पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत तर त्यांना दिसतही नाही.

त्यानंतरचं काम लोकांना जड जातं. डी ड्राइव्हवरचे सगळे सेटअप पुसायचे. सगळे म्हणजे सगळे, ‘साफ केले’ असा शेरा मिळालेलेही. साफ केलेली फाइल मूळ फाइलच असेल याची हमी नसते. अँटीव्हायरस व्हायरसचा तुकडा कापतो, सुरुवातीचा पत्ता पूर्ववत करतो, पण काही वेळा शेवटची काही बाइट्स जास्त उरतात किंवा सेटअपच्या शेपटीला जोडलेला डेटा सरकतो. बनवणाऱ्या कंपनीने फाइलवर केलेली डिजिटल सही मग जुळत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅब असतो, तिथे ‘सही वैध नाही’ असं दिसलं तर ती फाइल ठेवण्यात अर्थ नाही. पुष्कळ सेटअप चालू होण्याआधी स्वतःचीच बेरीज तपासतात आणि ‘इंटेग्रिटी चेक’ फसल्याचा संदेश देतात. लोक समजतात डाउनलोड अर्धवट झालं. तेही असू शकतं. पण महिन्याभरापूर्वी व्यवस्थित चाललेला सेटअप आज हा संदेश देत असेल, तर त्याच्या अंगात कुणीतरी शिरलं आहे.

फोटो, पीडीएफ, गाणी, वर्डचा साधा मजकूर यांना हे व्हायरस लागत नाहीत. ते ठेवा. ईएक्सई, एससीआर, डीएलएल आणि शंकास्पद एचटीएमएल मात्र नको. प्रिंटरचा ड्रायव्हर प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर आहे, फॉन्टचा सेटअप तो बनवणाऱ्यांकडे आहे. अडचण असते ती आता कुठेच न मिळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची. बंद पडलेल्या कंपनीचं बिलिंग, डॉंगलवर (कुलपासारखी लावून ठेवायची किल्ली) चालणारं जुनं डीटीपी. त्यांची मूळ सीडी कपाटात असेल तर तिच्यासारखं सोनं नाही, कारण कारखान्यात छापलेल्या सीडीवर कुणाला लिहिता येत नाही. हा झाडूपोछा संपल्यावरच सी फॉरमॅट करायची. उलट क्रमाने केलं की सुरुवातीचा तोच प्रसंग पुन्हा घडतो.

पुढच्यासाठी दोन गोष्टी. रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्यावरून करायचं. तसं केलं की बाधित प्रोग्राम चुकून चालला तरी त्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही आणि त्याचा पसारा त्या खात्याला लिहिता येतं तेवढ्याच जागांपुरता उरतो. सेटअपचं फोल्डर तर त्या खात्यासाठी ‘फक्त वाचा’ अशा परवानगीचं ठेवावं. परवानगी सिक्युरिटी टॅबमधून द्यायची. फाइलवरची ‘रीड ओन्ली’ची खूण कामाची नाही, ती कुणीही क्षणात काढतो.

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हची, विशेषतः रोज झेरॉक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानात पेनड्राइव्ह लावावा लागतो त्यांच्यासाठी. व्हायरसचा अभ्यास करणारे लोक काही साध्या ईएक्सई फायली मुद्दाम लागण व्हावी म्हणून ठेवतात. त्यांना ते ‘गोट फाइल’ म्हणतात, म्हणजे आपला बळीचा बकरा. तुम्हीही एखादा छोटा, सही असलेला, खात्रीचा ईएक्सई पेनड्राइव्हवर ठेवा. चालवायचा कधीच नाही. आपल्या स्वच्छ मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या आज्ञेला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं देऊन तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुराचा ठसा, काढा. ६४ अक्षरं येतील. ती वहीत लिहून ठेवा, आकारासकट. दुकानातून परत आल्यावर पेनड्राइव्ह लावा, एक्सप्लोररमध्ये उघडून न बघता कमांड प्रॉम्प्टमधूनच तीच आज्ञा द्या आणि वहीशी ताडून पाहा. सगळी ६४ अक्षरं जुळली तर त्या फाइलला कुणी शिवलं नाही एवढं नक्की. तिला न शिवणारे व्हायरसही असू शकतात, म्हणून अँटीव्हायरसची तपासणी चुकवायची नाही. एक अक्षर जरी बदललं असेल, तर पेनड्राइव्हवरचं काहीही न उघडता तो काढून घ्या आणि दुकानदारालाही सांगा, म्हणजे त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तरी वाचेल. आणि आकार पाहायला विसरू नका: वहीतल्यापेक्षा तो बरोबर ४१,४७२ ने जास्त असेल, तर पाहुणा कोण आहे हेही कळलं.